प्रिसेप्टर कोण देणार, ते आधी विचारा

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या (एनपी, म्हणजे स्वतः तपासून औषध लिहून देणारी नर्स) कामावर लिहिलं आणि तेव्हापासून पत्रांमध्ये एकच विषय चाललाय, ऑनलाइन एफएनपी, म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं मास्टर्स. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून चार पत्रं घेतलीत, नावं काढून.

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीत आयसीयूत आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, सहा वर्षं झाली. बीएससी नर्सिंग नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं, मार्क बेताचे, ६१ टक्के. दोन मुलं, नाइट शिफ्ट. ऑनलाइन एफएनपी करायचंय पण जाहिराती इतक्या येतात की कुठली शाळा खरी तेच कळत नाही. अर्ज कसा करू, आणि ६१ टक्क्यांवर कोण घेईल का?

उत्तर: तुला 'तू' म्हणते, चालेल ना? ६१ टक्क्यांचं टेन्शन आधी सोड. बहुतेक शाळा ४ पैकी ३.० जीपीए (ग्रेडची सरासरी) मागतात, आणि आपल्याकडचा फर्स्ट क्लास म्हणजे काय ते परदेशी डिग्री तपासणाऱ्या इव्हॅल्युएशनवाल्यांना माहीत असतं, इथल्या ६१ सारखं ते धरत नाहीत. फक्त आरएन लायसन्सच्या वेळचा रिपोर्टच परत चालेल असं धरून बसू नकोस, शाळा बऱ्याचदा जीपीए काढलेला कोर्स-बाय-कोर्स रिपोर्ट मागते आणि त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट पुन्हा तिकडून यावं लागतं. माझ्या वेळी माझा भाऊ कॉलेजात तीन चकरा मारून आला, पहिल्यांदा क्लार्क रजेवर, दुसऱ्यांदा शिक्का मारणारे साहेब मीटिंगमध्ये, तिसऱ्यांदा पाकीट मिळालं पण त्यावर सही नाही म्हणून तिथेच उभं राहून घेतली. म्हणून ट्रान्सक्रिप्ट हे पहिलं काम, निबंध-बिबंध नंतर.

आता एक विचारते, राग मानू नकोस. तुला एफएनपीच का? आयसीयूतल्या मुली सगळ्या मैत्रिणी करतायत म्हणून एफएनपी करतात आणि मग म्हणतात मला हॉस्पिटलातच राहायचंय. एफएनपी म्हणजे प्रायमरी केअर, तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत, कानदुखी, बीपी, शुगर, पॅप टेस्ट. नर्स प्रॅक्टिशनर हा प्रकारच १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला तोच मुळी हॉस्पिटलच्या बाहेर मुलांची तपासणी करण्यासाठी. व्हेंटिलेटर आणि ड्रिप्समध्येच तुझा जीव रमत असेल तर अक्यूट केअरचा एनपी कोर्स वेगळा आहे, तो बघ, नाहीतर नंतर पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट करत बसावं लागतं, म्हणजे परत फी.

शाळा खरी की खोटी हे जाहिरातीवरून नाही कळत. सीसीएनई, एसीईएन यांसारख्या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का ते त्या संस्थेच्याच यादीत जाऊन बघ, शाळेच्या वेबसाइटवर नाही. मान्यता नसेल तर शेवटी सर्टिफिकेशनच्या परीक्षेलाच बसू देत नाहीत, आणि त्याशिवाय बहुतेक राज्यांत एनपीचं लायसन्स नाही. मग विचार की शाळा दुसऱ्या राज्यातली असेल तर न्यू जर्सीतले स्टुडंट घेते का आणि न्यू जर्सीत क्लिनिकल, म्हणजे पेशंटवरचं प्रत्यक्ष शिक्षण, करू देते का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाचं उत्तर हो आलं म्हणून दुसरं गृहीत धरायचं नाही. सर्टिफिकेशनला पहिल्या फटक्यात किती जण पास होतात तेही विचार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रिसेप्टर, म्हणजे क्लिनिकलमध्ये तुला हाताखाली घेऊन शिकवणारा डॉक्टर किंवा एनपी, तो कोण शोधणार, शाळा की तू? ॲडमिशनवाली बाई फोनवर फार गोड बोलते, 'वी सपोर्ट यू' वगैरे. सपोर्ट म्हणजे काय ते ईमेलवर लिहून माग. यादी पाठवणार की जागा मिळवून देणार? आणि नाही मिळाली तर सेमिस्टर जाणार कुणाचं? याचं सरळ उत्तर आलं नाही तर मी तरी तिथे ॲप्लिकेशन फीसुद्धा भरणार नाही.

निबंधात 'लहानपणापासून सेवेची आवड' लिहू नकोस, ते त्यांनी हजारदा वाचलंय. तुझ्या युनिटमध्ये तोच माणूस डीकेएमध्ये (शुगर जिवावर बेतण्याइतकी बिघडून) तिसऱ्यांदा आलेला बघितला असशील ना, इन्सुलिन परवडत नाही म्हणून पुरवून पुरवून घेणारा? त्याला आयसीयूत वाचवणं आणि तो आयसीयूत येऊच नये हे बघणं, यातलं तुला दुसरं का करायचंय ते लिही, एक पान पुरे.

पैशाचं, तुझ्या हॉस्पिटलला ट्यूशन रीइम्बर्समेंट, म्हणजे फीचे पैसे परत देतात का, ते विचार, वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत टॅक्स लागत नाही, पण त्याबदल्यात किती वर्षं तिथे बांधून घेतात तो कागद नीट वाच. फेडरल लोनच्या भरवशावर असशील तर १ जुलै २०२६ पासून नवीन लोकांना ग्रॅड प्लस हे सरकारी लोन बंद आहे आणि साध्या ग्रॅज्युएट कोर्सला वर्षाची मर्यादा २०,५०० डॉलर.

प्रश्न: मी डॅलसजवळ राहते, ऑनलाइन एमएसएन (नर्सिंगचं मास्टर्स) एफएनपी चालू आहे, तीनही 'पी' झाले. पुढच्या सेमिस्टरपासून क्लिनिकल, आणि शाळा म्हणते प्रिसेप्टर स्वतः शोधा. तीस क्लिनिकना फोन केले, सगळीकडे नाही. एक एजन्सी पैसे घेऊन लावून देते म्हणे. रडू येतंय ताई.

उत्तर: रडून घे, मग वही काढ. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तीन पी म्हणजे पॅथोफिजिऑलॉजी, फार्मॅकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट, हे पार पडले की अभ्यासाचा मोठा डोंगर उतरला.)

माझंही असंच झालं होतं. एका क्लिनिकने हो म्हटलं, मी निर्धास्त, आणि सेमिस्टर सुरू व्हायला बारा दिवस असताना ऑफिस मॅनेजरचा मेल, सॉरी, आमचे डॉक्टर सोडून चाललेत. त्या सेमिस्टरला मी घरी बसले. नंतर कळलं की चूक माझीही होती, मी तोंडी 'हो'वर थांबले. प्रिसेप्टर हो म्हणाला म्हणजे काहीच झालेलं नसतं, शाळा आणि क्लिनिक यांच्यात ॲफिलिएशन ॲग्रीमेंट सही व्हावं लागतं, ते दोन्हीकडच्या वकिलांच्या टेबलावर आठवडेच्या आठवडे पडून राहतं. त्यामुळे नवीन जागा शोधण्याआधी शाळेच्या क्लिनिकल ऑफिसला विचार की तुमचं माझ्या भागात आधीपासून ॲग्रीमेंट कुठे कुठे आहे. ही यादी त्यांच्याकडे असते, मागितल्याशिवाय देत नाहीत.

दुसरं, मोठ्या हॉस्पिटलांच्या मालकीच्या क्लिनिकना फोन करून उपयोग नाही, तिथे डॉक्टरला घ्यायचं असलं तरी स्टुडंट सगळे एका सेंट्रल ऑफिसमधून जातात. स्वतःची प्रॅक्टिस असलेले डॉक्टर आणि एनपी शोध, आणि फोन नको, स्वतः जा, रेझ्युमे आणि शाळेचं एक पानी पत्र घेऊन, शुक्रवारी दुपारी, सोमवारी सकाळी तर मुळीच नाही. मला शेवटी प्रिसेप्टर मिळाला तो मंडळाच्या गणपतीत. मोदकाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या काकूंचे मिस्टर फॅमिली मेडिसिनवाले निघाले. तुझ्याकडे मंडळ असेलच, तिथे तोंड उघड, लाजू नकोस. पण नवऱ्याचा मावसभाऊ डॉक्टर आहे म्हणून त्याच्याकडे जाऊ नकोस, नातेवाईक शाळांना सहसा चालत नाहीत.

एजन्सीचं म्हणशील तर लोक घेतात, मी कुणाला नावं ठेवत नाही, पण आधी हँडबुक वाच, पैसे देऊन लावलेला प्रिसेप्टर काही शाळांना चालत नाही आणि मग तास मोजत नाहीत. शिवाय ती फी क्रेडिटच्या फीच्या वर असते, आणि याचा मला खरंच राग येतो, शिकवायची फी शाळेने घ्यायची आणि शिकवणारा माणूस विद्यार्थ्याने शोधून त्याचे पैसेही विद्यार्थ्यानेच द्यायचे, हा कुठला न्याय.

तासांचं गणित आत्ताच मांड. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांत प्रत्यक्ष पेशंट बघायचे किमान ७५० तास आहेत, आधी ५०० होते. आठवड्याला आठ-आठ तासांचे दोन दिवस, पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर, म्हणजे २४०. तीन सेमिस्टर केलीस तरी ७२०, तीस तास उरतातच, आणि मध्ये मूल आजारी पडणार, क्लिनिक थँक्सगिव्हिंगला बंद असणार. त्यात पुन्हा मुलांचे तास, स्त्री आरोग्याचे तास वेगळे दाखवावे लागतात, आणि पीडियाट्रिक्सची जागा सगळ्यात उशिरा मिळते, म्हणून ती आधी शोध. तास रोजच्या रोज लॉग कर. मी एकदा तीन आठवड्यांचे रविवारी भरायला बसले, कुठल्या दिवशी किती पेशंट ते काही केल्या आठवेना.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) आहे, बीएससी नर्सिंग. घरी बसून अमेरिकेचं एफएनपी ऑनलाइन करता येईल का? एक एजंट हो म्हणतोय.

उत्तर: नाही, आणि एजंटला एक रुपया देऊ नका. कोर्सला प्रवेशासाठीच अमेरिकेतलं आरएन लायसन्स लागतं आणि क्लिनिकल तिथल्या पेशंटवर करावं लागतं. पूर्ण ऑनलाइन कोर्सवर एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसाही मिळत नाही. जायचंच असेल तर रस्ता उलटा आहे, आधी एखाद्या राज्याच्या बोर्डाकडे अर्ज, शिक्षणाची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, मग एनक्लेक्स ही आरएन लायसन्सची परीक्षा, ती मुंबईत देता येते, आणि त्यानंतर ग्रीन कार्डची रांग, जी भारतीयांसाठी लांब आहे. एफएनपी त्याच्याही पुढे. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर एमएससी आहे, मिडवाइफरीचा अठरा महिन्यांचा डिप्लोमा आहे, ते बघा. आणि उपकेंद्रावर बीपी-शुगरचे पेशंट तुम्ही एकट्याने बघता, ते एफएनपीच्या कामाच्या फार जवळचं आहे, इथे कधी आलात तर निबंधात तेच लिहा.

प्रश्न: बायको ऑनलाइन एफएनपी करतेय. म्हणते 'मी घरी असले तरी घरी नाहीये असं समज'. ऑनलाइन आहे तर मध्ये मध्ये करता येत नाही का?

उत्तर: लेक्चर मध्ये मध्ये ऐकता येतं हो, भांडी घासताना मी अर्धं फार्मॅकॉलॉजी ऐकलंय. परीक्षा नाही. परीक्षेला कॅमेरा चालू असतो आणि कोण येतंय-जातंय ते रेकॉर्ड होतं. आमच्या सासूबाई बिचाऱ्या दमली असेल म्हणून आल्याचा चहा घेऊन खोलीत आल्या, कप ठेवला, 'साखर कमी घातलीय हं' म्हणाल्या, आणि मला दोन दिवसांनी शाळेकडून मेल, खोलीतली दुसरी व्यक्ती कोण आणि ती काय सांगत होती. मी 'साखर कमी' चं इंग्रजी भाषांतर करून पाठवलं, तेव्हा सुटले.

तेव्हा चहा परीक्षेच्या आधी द्या. दाराला कागद लावा, मुलांना बाहेर न्या, आणि ती ऑटोस्कोप घेऊन तुमचा कान बघायला आली तर गप बसून राहा, दोन्ही कान.