नाव आहे, गाव नाही

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सातपुडा तुटतोय आणि तू बागेत झाडांच्या पाट्या लिहीत बसलीस, म्हणून तुझा जीव जळतो. समजतं मला. पण पाट्यांना हलकं समजलीस, त्याचा मात्र राग आला.

तुझ्या वयाचा असताना सातपुड्यातल्या पाल गावाच्या बाजूच्या एका उतारावरून मी खरपुडीच्या रानवेलीचे कंद आणले, कॉलेजच्या बागेत लावले. शाईने लिहिलेली एक चिठ्ठी अडकवली, ती पहिल्याच पावसात धुऊन गेली. वहीत काही नव्हतं. काही वर्षांनी तो उतार नांगरला गेला. बागेत वेल होती, पण दुसरीकडच्या कंदांत मिसळलेली. कुठली कोणती, मलाच सांगता येईना. नाव होतं, गाव गेलं. परत कुठे नेऊन लावणार?

म्हणून सांगतो, नाव-गाव लिही. कुठून, कधी, किती झाडांवरून. अमेरिकेतलं फ्रँकलिनियाचं झाड १८०३ नंतर रानात कुणाला दिसलं नाही. बार्ट्राम पितापुत्रांनी बी आणून बागेत वाढवलं, म्हणून आज आहे. आणि दक्षिण आफ्रिकेतला वूडचा सायकड (ताडासारखं दिसणारं झाड) बघ. १८९५ साली सापडला तो एकच, नर. मादी आजवर मिळाली नाही. जगभरच्या बागांत त्याचीच पिलं आहेत, बी नाही. एका झाडावर विसंबू नये, ते यासाठी. अंजनाच्या झाडाला दरसाल भरपूर बी धरत नाही. धरेल त्या वर्षी लांबलांबच्या झाडांवरून घे, पिशव्या वेगळ्या ठेव. जांभळाचं बी तर वाळवलं की मरतं, बियाण्यांच्या बँकेत ठेवता येत नाही. त्याला जिवंत झाडच हवं, म्हणजे तुझी बागच.

नाव-गाव नसलेली रोपं मी दारातून परत पाठवली, त्यावरून माझ्याकडची बाग काढून घेतली. हेकट म्हणाले. म्हणोत! ती रोपं घेतली असती तर बाग हिरवी दिसली असती आणि कामाची राहिली नसती. आजही परत पाठवीन.

जंगलात जायचंय ना? जा की! पाऊस लागला की पालकडे जा. पण वही घेऊन जा. चिठ्ठी पेन्सिलीने लिही, आणि त्याच संध्याकाळी वहीत उतरव, जेवायच्या आधी.