नागाळा पार्कातला फ्लॅट आणि दोनदा मोजलेले २५ लाख

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरात मंगळवार पेठेत वडिलोपार्जित घर. वय ४१, एमआयडीसीत नोकरी, पगार हातात ८५ हजार, पत्नीच्या शिकवण्यांचे २० हजार. जमीन विकून ३५ लाख आले. २५ लाख साध्या ठेवीत आहेत, १० लाख ‘बँकेच्या दहा वर्षांच्या एफडीत’: वर्षाला ५ लाख, दोन हप्ते भरून झाले, विसाव्या वर्षी १ कोटी. नागाळा पार्कात ८५ लाखांचा टू बीएचके पाहिलाय. हे ३५ आणि कर्ज ५० लाख. मुलांना चांगलं वातावरण मिळावं, एवढंच. घ्यावा, की आधी तिथेच २० हजार भाड्यानं राहून बघावं?

भाड्यानं राहून बघा. तुमच्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरे. आता न विचारलेल्याकडे येतो.

दरवर्षी ५ लाख भरा आणि विसाव्या वर्षी घ्या, अशी एफडी नसते. ही विमा पॉलिसी आहे. कपाटातून कागद काढा, त्यावर विमा कंपनीचं नाव सापडेल. बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी ‘एफडीच आहे हो, फक्त जरा लांबची’ असं सांगितलं असणार. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता चीडसुद्धा शिळी झालीय.

‘दुप्पट’चा हिशेब बघा. दहा वर्षांत ५० लाख भरायचे. प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो आणि दुप्पट होतो. किती वर्षांत दुप्पट यावरून व्याजदर काढायचा तर ७२ ला त्या वर्षांनी, इथे साडेपंधरानं, भागा: साडेचार टक्क्यांच्या जरा वर. आणि गृहकर्ज घेणार साडेआठ टक्क्यांनी!

यापेक्षा मोठा घोळ पुढे आहे. उरलेले आठ हप्ते, म्हणजे ४० लाख, कुठून येणार? त्याच २५ लाखांतून, असं साहेबांनी सांगितलं असेल. तेच २५ तुम्ही डाउन पेमेंटलाही धरलेत. ते फ्लॅटला गेले तर वर्षाचे ५ लाख पगारातून, म्हणजे महिन्याला जवळजवळ ४२ हजार. ५० लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता साधारण ४३ हजार. मिळकत १ लाख ५ हजार, त्यातले ८५ गेले. वीस हजारांत चौघांचं घर चालवणार, तेही नागाळा पार्कात?

शिवाय पॉलिसीतले १० लाख आज १० लाख नाहीत. दोन हप्त्यांनंतर मोडली तर भरलेल्या रकमेच्या निदान ३० टक्के हमीनं मिळतात; काही कंपन्या जास्त देतात, पण हिशेबात ३ लाखच धरा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पाच-सहा लाख तुम्ही धरलेलेच नाहीत.

म्हणून पॉलिसी घाईनं मोडू नका, पण पुढचा हप्ताही भरू नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर आज किती आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर विसाव्या वर्षी किती. पेड-अपला २० लाखांच्या जवळपास काही मिळत असेल तर ३ लाखांसाठी मोडण्यात अर्थ नाही. निम्मंच मिळत असेल तर परत लिहा, पुन्हा मांडू. एफडी म्हणून विकल्याची तक्रार आधी कंपनीकडे करा, नाही ऐकलं तर विमा लोकपालांकडे जा. तिथे फी लागत नाही. हे सगळं करण्याआधी १ कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा, हातात असू दे. तंबाखू खात नसाल तर वर्षाला वीस-पंचवीस हजारांत बसेल.

आता वातावरणाबद्दल. कलेक्टर ऑफिसच्या आसपासचा तो भाग छान आहे, नाकारत नाही. झाडं आहेत, रात्री शांतता असते. पण पेठेत वाण्याची वही चालते, पोरं तालमीत आणि गल्लीत फुकटात वाढतात, शेजारची काकू विचारल्याशिवाय मुलीला जेवायला घालते. तिकडे मेंटेनन्स तीन-चार हजार, मुलांना ने-आण करायला दुसरी गाडी आणि मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस हॉटेलात झाला की पुढचा तुमच्याकडे. यातलं काहीच सक्तीचं नसतं, तरी महिन्याला पंधरा हजार वर जातात. माझ्याकडे येणाऱ्यांत बंगल्यातली माणसं कमी नाहीत. गाडीचा हप्ता भरायला एफडी मोडणारीही त्यांच्यातच सापडतात.

अकरा महिने भाड्यानं राहिलात की हा खर्च स्वतःच्या वहीत दिसेल. ८५ लाखांच्या घराला वर्षाचं भाडं २ लाख ४० हजार, तीन टक्केसुद्धा नाही. पेठेतलं घर बंद ठेवू नका, भाड्यानं द्या. पावसाळाही नागाळा पार्कातच काढा. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट. तेव्हा आणि २०२१ ला नागाळा पार्काच्या काही भागात पाणी शिरलं होतं. तुमच्या इमारतीत पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, ते बिल्डरला नको, वॉचमनला विचारा.

टोकन दिलेलं नसेल तर देऊ नका. बँकेत जाऊन पॉलिसीचं ऑटो-डेबिट मात्र याच आठवड्यात बंद करा आणि पोच घ्या; तोंडी ‘करतो’ चालणार नाही.