गुन्हेगाराला भर चौकात शिक्षा देऊन ती टीव्हीवर दाखवली तर गुन्हे कमी होतील का?

नाही, गुन्हे कमी होणार नाहीत, आणि आपल्या राज्यघटनेत ते बसतही नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने जाहीर फाशीचा आदेश दिला होता, तो १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने रोखला. गुन्हा कितीही रानटी असो, अशी फाशी जगण्याचा हक्क देणाऱ्या २१व्या कलमाचा भंग ठरेल, असं बजावलं. धाक बसतो तो पकडले जाण्याच्या खात्रीने. गर्दी मात्र बघायला येते, शिकायला नव्हे: फ्रान्समध्ये १९३९ साली व्हर्सायला गर्दीने असा धुडगूस घातला की सरकारला जाहीर शिरच्छेद कायमचे बंद करावे लागले. आपल्या गोव्यातही हे होऊन गेलंय. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, कैद्यांना मेणबत्ती हातात देऊन, अनवाणी, लोकांसमोर मिरवत न्यायचं. १६७६च्या मिरवणुकीत कैदी म्हणून चाललेल्या देलाँ या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवलंय, की तासाभराच्या चालीत रस्त्यातल्या खड्यांनी त्याचे पाय रक्ताळले. एवढी दहशत घालूनही हे न्यायालय, मधली काही वर्षं सोडली तर, १८१२पर्यंत चालूच ठेवावं लागलं.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. खटला उघड्या न्यायालयात चालणं, त्याचं थेट प्रक्षेपण होणं चांगलंच. तिथे लोक न्यायाधीशांवर लक्ष ठेवतात. आरोपीची धिंड काढून तिची रील फिरवणं ही निराळी गोष्ट. तो उद्या निर्दोष सुटला तरी रील फिरतच राहते, आणि त्याची पोरं त्याच गावात शाळेत जातात.