वाचकांचे प्रश्न : जुना ट्रक पीयूसीत बसत नाही

प्रश्न : मी २०१२ सालचा, भारत स्टेज-३ इंजिनाचा, टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) आणि इनलाइन पंप (इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप) असलेला सहाचाकी ट्रक सेकंडहँड घेतला. आधीचे मालक त्यावर ऊस वाहत असत. पीयूसी तपासणीत धूर ७८ एचएसयू (धूर मोजण्याचे एकक) भरला आणि प्रमाणपत्र नाकारले गेले. गाडी चढणीला उत्तम ओढते, पण ॲक्सिलरेटर एकदम दाबला की काळा लोट येतो. मिस्त्री इंजिन बांधून घ्या, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त करून घ्या, म्हणतात. एक एजंट मात्र गाडी न आणताच प्रमाणपत्र देण्यास तयार आहे. काय करावे?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : एजंटाचा विचार आपण मनातून काढून टाकावा, ही कळकळीची विनंती. तसल्या कागदाने धूर कमी होत नाही, आणि रस्त्यावरच्या तपासणीत गाडी दोषी ठरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय तो धूर आपल्याच हमालांच्या आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीत जातो.

इंजिन बांधण्याची घाईही करू नये. पिस्टनच्या रिंगा झिजून इंजिन ऑइल जळू लागले की धूर निळसर येतो आणि ऑइल वरचेवर भरावे लागते. आपला धूर काळा आहे, म्हणजे जितके डिझेल आत जाते तितकी हवा त्याला मिळत नाही. आपल्या गाडीसाठी मर्यादा ६५ एचएसयूची आहे. ७८ वरून ६५ म्हणजे अवघे तेरा अंक वाटतात, पण हे माप सरळ चढत नाही. धुराच्या खऱ्या दाटपणाचा 'के' हा अंक आपल्याला सुमारे ३.५ वरून २.४५ वर, म्हणजे जवळजवळ तीस टक्क्यांनी खाली आणायचा आहे. म्हणून किरकोळ साफसफाईने काम भागेलच असे नाही, तरी सुरुवात तेथूनच करावी.

आधी हवेचा मार्ग तपासावा. एअर फिल्टर काढून अंधारात आतून बॅटरी धरावी. उजेड नीट बाहेर येत नसेल तर फिल्टर बदलावा. कॉम्प्रेसरची हवा बाहेरून मारू नये, त्याने धूळ कागदात अधिकच रुतते. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तेथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाइप हाताने चाचपावेत. क्लॅम्पच्या खाली तेलकट काळी रेघ दिसली, तर दाबाची हवा तेथून निसटत आहे असे समजावे. टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर याच वेळी तपासून घ्यावे.

माझा खरा संशय मात्र इंजिनाच्या डिझेल पंपावर आहे. उसाच्या जादा भरतीसाठी 'डिझेल वाढवून' घेण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि गाडी उत्तम ओढते हे आपले वाक्य त्याच दिशेने बोट दाखवते. पंपावरचे सील तुटलेले आहे का, हे प्रथम पाहावे. तपासणी गाडी उभी ठेवून, गिअरविना, ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबून होते. त्या क्षणी टर्बोने अजून वेग घेतलेला नसतो. हवेचा दाब तयार होईपर्यंत डिझेल आवरून धरणारा एक पडदा टर्बो इंजिनाच्या पंपावर असतो. त्याची सेटिंग कोणी हलवली असेल, किंवा त्याच्याकडे जाणारी बारीक नळी चिरली अथवा काढून टाकली असेल, तर काळा लोट किंवा मंद ओढ, यांपैकी काहीतरी हटकून दिसते. पंप आणि नोझल (डिझेलची फवार उडवणारे तोंड) दोन्ही काढून कॅलिब्रेशन बेंचवर (पंप तपासून जुळवण्याच्या यंत्रावर) न्यावेत, कंपनीच्या मापाप्रमाणे डिझेलची डिलिव्हरी बसवून घ्यावी आणि सील पुन्हा लावून घ्यावे. बेंचवर नोझलची फवार आपण स्वतः पाहावी : ती धुक्यासारखी बारीक उडाली पाहिजे, टोकाला थेंब लोंबत असेल तर ते नोझल बाद समजावे. पंप परत चढवताना टायमिंग (डिझेल आत उडण्याची वेळ) काटेकोर जुळवणे आवश्यक आहे.

या कामानंतर ओढ थोडी कमी वाटेल, ती मूळ ओढ आहे असे मानावे आणि भरतीही पासिंगपुरतीच, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनाइतकीच, ठेवावी. केवळ तपासणीपुरते डिझेल कमी करून नंतर पुन्हा वाढवू नये. वाया जाणाऱ्या डिझेलचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

तपासणीस जाताना पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून इंजिन पूर्ण गरम करावे. तासभर रांगेत आयडलवर उभी राहिलेली गाडी सायलेन्सरमध्ये काजळी साठवते आणि पहिले आकडे विनाकारण चढतात.

प्रश्न : माझा जुना टेम्पो थंडीत सकाळी पांढरा धूर देतो. पीयूसीत नापास होईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इंजिन तापल्यावर धूर थांबत असेल तर चिंता नसावी, ते थंड सिलिंडरमध्ये न जळलेले डिझेल असते. तापल्यावरही तो चालू राहिला तर टायमिंग आणि नोझल तपासावेत, आणि कूलंट कमी होत असल्यास गाडी न चालवता हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचे सील) आधी पाहून घ्यावे.