कबुली, जबाब आणि कबुलीजबाब

डिचोलीहून एका वाचकाने विचारलंय: ‘संशयिताने पोलिसांकडे कबुलीजबाब दिला’ असं पेपरात येतं, आणि पुढे तोच माणूस निर्दोष सुटतो. चुकतं कोण, कोर्ट की शब्द?

माझ्या मते शब्द. जबाब साक्षीदारही देतो. पोलीस तो लिहून घेतात, त्यावर सही मात्र घ्यायची नसते. कबुली म्हणजे नुसतं ‘होय, मीच केलं’. ती शेजाऱ्यापुढेही देता येते. (चर्चमध्ये पाद्रीपुढे देतात तो आपल्या कोकणीतला ‘कुमसार’, पोर्तुगीजांकडून आलेला.) कबुलीजबाब हा शब्द मी मॅजिस्ट्रेटने नोंदवलेल्या कबुलीसाठीच राखून ठेवीन. तिथे ‘बोलायची सक्ती नाही, बोललास तर ते तुझ्यावरच उलटू शकतं’ हे आधी बजावावं लागतं. ऐनवेळी तो नको म्हणाला, तर मॅजिस्ट्रेट त्याला पोलीस कोठडी देऊ शकत नाही. ‘स्वखुशीने’ला काही अर्थ येतो तो इथे.

पोलिसांपुढची कबुली स्वखुशीची की फटक्यांची, या वादात कायदा शिरतच नाही. ती आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, बस्स. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. मोक्कासारखे खास कायदे तेवढे वेगळे.

गंमत आहे ती याच कलमातल्या अपवादात. समजा, कोठडीतला माणूस म्हणाला, ‘ज्या कोयत्याने मी वार केला, तो कुळागरातल्या पाटात टाकलाय.’ पोलीस गेले, पंचांसमक्ष कोयता निघाला. आता कोर्ट हे वाक्य स्वल्पविरामावर कापतं! ‘तो पाटात टाकलाय’ एवढंच पुराव्यात येतं, कारण शोध लागला तो तेवढ्याचाच; ‘ज्या कोयत्याने मी वार केला’ गळतं. पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील कोर्ट) आखलेली ही रेघ आजही पाळली जाते. जो-तोच्या वाक्याची इतकी काटेकोर फोड व्याकरणाच्या तासालाही मी पाहिली नाही.

तेव्हा बातमीत ‘कबुली दिल्याचं पोलिसांनी सांगितलं’ एवढंच पुरे. आपल्याकडचे पेपर ‘आरोपी’ न म्हणता जपून ‘संशयित’ लिहितात, आणि पुढच्याच शब्दात सगळं घालवतात.

आणि हो, पाटात कोयता सापडलाच नाही, तर ‘ज्या’पाठोपाठ ‘तो’ही गेला.