पलांतीरमधला 'तीर' नक्की कुठला?

प्रश्न: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनच्या कादंबऱ्यांमध्ये मॉर्डॉर आणि मोरिया ही जागांची नावं येतात, त्यातला 'मोर' एकच का? आणि पलांतीरमधला 'तीर' आपल्या संस्कृतमधला आहे असं माझा मित्र छातीठोकपणे सांगतो. मी पण कथेसाठी एक भाषा बनवतेय, नुसती शब्दांची मुळं ठरवून भागेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर: 'मोर' एकच. काळं, अंधार असा अर्थ. कादंबरीतल्या एल्फ लोकांच्या सिंदारिन भाषेत 'दोर' म्हणजे भूमी, म्हणून मॉर्डॉर ही काळी भूमी, आणि मोरिया म्हणजे काळी पोकळी, काळं विवर. बायबलमध्येही मोरिया हे नाव आहे पण त्याच्याशी काही संबंध नाही असं टॉल्किननी स्वतः पत्रात लिहिलंय.

मित्राचं मात्र चुकतंय. 'तिर' हे मूळ बघणं, नजर ठेवणं या अर्थाचं आहे आणि 'पलान' म्हणजे लांब, म्हणजे पलांतीर हा लांबचं दाखवणारा दगड. मिनास तिरिथ या शहराच्या नावातलं तिरिथ, म्हणजे पहारा, तेही इथूनच आलं. नुसता उच्चार जुळला की नातं लावायचं ही सवय आपल्याकडे मराठी शब्दांच्या बाबतीतही फार आहे आणि मला ती मनापासून खटकते, कारण तसं करत गेलं तर काहीही सिद्ध करता येतं.

आता तुमच्या भाषेबद्दल. मुळं हवीतच, पण खरी मजा ध्वनी बदलण्याच्या नियमांत आहे. टॉल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक, भाषांचा इतिहास हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी एल्फ लोकांची दुसरी भाषा क्वेन्या फिनिशच्या प्रेमातून घडवली, सिंदारिन ब्रिटनमधल्या वेल्श भाषेच्या, आणि दोन्ही एकाच जुन्या भाषेतून आल्या असं दाखवलं. झाडाचा जुना शब्द 'गलदा', क्वेन्यात सुरुवातीचा ग गळतो म्हणून 'अल्दा', सिंदारिनमध्ये ग टिकतो पण पुढचा द मऊ होतो आणि शेवटचा स्वर जातो म्हणून 'गलध'. दगडालाही हाच नियम, क्वेन्यात 'ओन्दो', सिंदारिनमध्ये 'गोन्द', आणि त्यावरून गोंडोर, दगडांचा देश.

मला सगळ्यात आवडतं ते 'बोलणं' याचं मूळ. क्वेन्यात 'क्वेत', सिंदारिनमध्ये 'पेद', म्हणजे क्व चा प झाला आणि त चा द. मोरियाच्या दारावर कोरलेलं 'पेदो', म्हणजे 'बोल', ते हेच. आणि हे हवेतून काढलेलं नाही, लॅटिनमध्ये चारला 'क्वात्तुओर' म्हणतात आणि वेल्शमध्ये 'पेद्वार', तिथेही क्व च्या जागी प आणि त च्या जागी द (आपला 'चार' पण त्याच घराण्यातला बरं का).

तेव्हा आधी एक जुनी भाषा धरा, पन्नासेक मुळं पुरेत, मग तीन-चार ध्वनिनियम ठरवून ते सगळ्या शब्दांना लावा, एखादा शब्द कानाला वाईट लागला तरी लगेच सूट देऊ नका. टॉल्किननी 1930च्या दशकात मुळांची मोठी यादी केली होती, त्यांच्या मुलानं ती 1987 मध्ये छापली, त्यातही खाडाखोड आणि बदल भरपूर आहेत, त्यामुळे तुमची वही खराब झाली तर घाबरू नका. आणि जुनी रूपं फेकून देऊ नका, गावांच्या आणि नद्यांच्या नावांत ती वापरा, खऱ्या भाषांमध्येही अशाच नावांत जुने शब्द टिकून राहतात.