निशापूरच्या साच्यातल्या सुरया कशा बनवत आणि त्यांना झिलई का नसे?

इराणच्या ईशान्येकडील निशापूर येथे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 1935 ते 1940 या काळात आणि पुन्हा 1947 मध्ये उत्खनन केले. त्यात साच्यात घडवलेल्या अशा मातीच्या सुरयांबरोबर भाजलेल्या मातीचे साचेही सापडल्यामुळे ती बनवण्याची रीत बरीचशी स्पष्ट झाली आहे.

साच्याच्या आतल्या बाजूस नक्षी खोलगट आणि उलटी कोरलेली असे, म्हणजे दाबलेल्या ओल्या मातीवर ती उठावदार आणि सुलटी उमटे. अरबी अक्षरांच्या पट्ट्यांच्या बाबतीत उलटे कोरण्याची ही काळजी अर्थातच अधिक घ्यावी लागे. भाजलेला साचा सच्छिद्र असल्याने तो मातीतले पाणी शोषून घेई, माती किंचित आकसे आणि भांड्याचा भाग अलगद सुटे. सुरईच्या पोटाचे वरचे आणि खालचे असे दोन भाग वेगवेगळे काढून ते ओल्या मातीने सांधत, आणि मान, मूठ व बूड नंतर जोडत. पोटाच्या मधोमध हा सांधा अनेक नमुन्यांत आजही दिसतो.

झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, न देण्यामागे काटकसर असेलच, पण पाण्याच्या भांड्याला ती नसणेच सोयीचे होते, कारण आपल्या माठाप्रमाणे पाणी पाझरून त्याचे बाष्पीभवन होते आणि आतले पाणी गार राहते. मात्र साच्यातली सगळीच भांडी बिनझिलईची नव्हती: 9व्या शतकात इराकमध्ये उठावाच्या नक्षीवर शिशाची झिलई देऊन धातूच्या भांड्यांची नक्कल केली जात असे, आणि माझ्या मते त्या झिलईखाली नक्षीची धार थोडी बोथटच होते.